पुढच्या तारखेच्या सोबत्यांना

तोंडाच्या कॅन्सरचे उपचार संपवून तपासणीला येणाऱ्या सर्व बंधू-भगिनींना, आणि त्यांच्यामागे पिशवी, फाईल आणि पाण्याची बाटली घेऊन येणाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

ऑपरेशननंतर माझी जीभ जड झाली आहे. घरच्यांना माझं बोलणं कळतं, नवख्या माणसाला तेच दोनदा सांगावं लागतं. ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेल्याचीही बहुधा तीच तऱ्हा असते. त्यामुळे आपल्या गप्पा ‘कुठून आलात’ आणि ‘किती वर्षं झाली’ याच्या पुढे फारशा सरकत नाहीत. तिथे बोलायचं राहून जातं ते इथे लिहितोय. मंत्र्यांना आणि डॉक्टरांना पत्रं लिहिणारे पुष्कळ आहेत, हे तुम्हाला आहे.

आपल्यातली माणसं तपासणीला यायची बंद होतात आणि आपण ते नुसतं बघत राहतो, ही माझी तक्रार आहे. मागच्या तारखेला समोर बसलेले टोपीवाले बाबा या वेळी दिसत नाहीत. आपण मनात म्हणतो, गेले असतील. बऱ्याचदा ते गेलेले नसतात. घरी असतात, ज्वारीच्या काढणीत असतात, आणि ‘का हो, आला नाहीत?’ असं त्यांना कुणीच विचारलेलं नसतं. रुग्णालयातून फोन गेला तर गेला. एवढ्या गर्दीत कोण आलं नाही याचा हिशोब ते कुठवर ठेवणार? तो हिशोब आपण ठेवायला हवा. न येणाऱ्याला का यावंसं वाटत नाही, ते आपल्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत नाही.

तारखा एवढ्या जवळजवळ का देतात, ते आधी सांगतो, कारण अनेकांना ते कुणी समजावून सांगितलेलं नसतं. आपला आजार उलटलाच तर तो बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. म्हणून पहिल्या वर्षी दर 1 ते 3 महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी 2 ते 6 महिन्यांनी, तिसऱ्या ते पाचव्या वर्षापर्यंत 4 ते 8 महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा बोलवायची साधारण रीत आहे. तुमच्या फाईलवर वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं धरा. आणि पाच वर्षं झाली, आता सुटलो, असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. तंबाखू-चुन्याची गोळी आपण डाव्या गालात धरत होतो म्हणून फक्त डावा गालच पोळला, असं नसतं. तो रस सगळ्या तोंडातून, घशातून, अन्ननलिकेतून फिरलेला असतो. जुना आजार पूर्ण बरा होऊनही दुसऱ्या जागी नवी गाठ धरू शकते. ती लहान असताना हाताला लागली तर थोडक्यात निघते. उशिरा लागली तर काय काय काढावं लागतं, ते बाकावर बसून आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

हे सगळं माहीत असूनही माणूस येत नाही. विचारलं तर पैसा आणि लांबचा प्रवास ही कारणं मिळतात. ती खोटी नाहीत, पण त्यांच्या आड दुसरीही असतात.

एक म्हणजे भीती. तारीख जवळ आली की आठवडाभर आधीपासून तोंडात काहीतरी टोचायला लागतं. रात्री सगळे झोपल्यावर न्हाणीघरातल्या आरशापुढे उभं राहायचं, एका हातात मोबाईलची बॅटरी, दुसऱ्या हाताच्या बोटानं गाल ताणायचा आणि जीभ बाजूला सारून बघायचं. तो पांढरा डाग कालही होता का? हिरडीचा हा कोपरा लाल दिसतोय का? ताणून ताणून गाल खरोखरच हुळहुळा होतो, मग वाटतं, बघ, दुखतंय म्हणजे आहेच काहीतरी. सकाळी बायकोनं चहाला हाक मारली तरी आपण तिच्यावर खेकसतो. हे ज्यानं केलेलं नाही असा आपल्यातला एक जण दाखवा. आणि या आठवड्याच्या शेवटी काही जण असं ठरवतात, की जाऊच नये. कळलंच नाही तर नाहीच आहे.

अशा माणसाला घरातला कुणी ‘काही होत नाही, पॉझिटिव्ह राहा’ म्हणतो, तेव्हा तो गप्प बसतो. आपल्यातल्या कुणी फोन करून नुसतं विचारलं, की ‘आरसा सुरू झाला का?’, तर तो हसतो. आमच्याकडे आता हाच प्रश्न रूढ झालाय. तारखेच्या आठवड्यात एकमेकांना फोन करायचा, आरशाची चौकशी करायची, कुठल्या गाडीनं निघायचं ते ठरवायचं. पाच मिनिटांचा फोन असतो, त्यातही निम्मं बोलणं ऊस आणि पाणी यावर होतं.

दुसरं कारण जास्त अवघड आहे. पुडी पुन्हा सुरू झालेली असते. मला माहीत आहे, हे वाचताना तुमच्यातल्या काहींनी मान खाली घातली असेल. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि तरीही कुठल्या टपरीवर काय मिळतं ते शाळकरी पोराला ठाऊक आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ न ओढायची, म्हणजे चघळायची-लावायची तंबाखू वापरत होते. दर चार माणसांत जवळपास एक. शेताच्या बांधावर, एसटी स्टँडवर, मयतीला, लग्नात, समोरचा माणूस तळहात पुढे करतोच. अशा गावात परत जाऊन वर्षानुवर्षांची सवय कायमची सुटली तर कौतुक आहे, नाही सुटली तर नवल नाही. पण ज्याची सुटलेली नाही तो तपासणीला येत नाही. डॉक्टर दात बघितल्याबरोबर ओळखतील, चारचौघांत झापतील, बायकोसमोर अब्रू जाईल, ही त्याची भीती. म्हणजे ज्याला तपासणीची सगळ्यात जास्त गरज, तोच घरी बसतो.

त्याला शिव्या देणारे घरात आहेत, गावात आहेत. आपण त्यात भर घालू नये. ‘तसाच ये’ एवढं सांगावं. डॉक्टर रागावले तर दोन मिनिटं ऐकून घ्यावं, त्यांचं बोट मात्र तोंडात फिरू द्यावं. सोडायची इच्छा असेल तर तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला 1800-11-2356 हा सरकारी क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत. माझं स्वतःचं मत विचाराल, तर नंबरापेक्षा शेजारी बसणारा सोबती जास्त उपयोगी पडतो. तल्लफ दहा-पंधरा मिनिटांत ओसरते, आणि तेवढा वेळ फोनवर कुणीतरी बडबडत राहिलं तरी निभावतं.

आता बाकावरची गोष्ट.

आमच्या भागातले आम्ही काही जण एकाच दिवसाची तारीख मागतो. खिडकीवरची माणसं कधी देतात, कधी वैतागतात. विचारायला काय जातंय? रात्री कुर्डुवाडीला सिद्धेश्वर पकडायची, पहाटे दादरला उतरायचं, तिथून परळचं रुग्णालय. गाडीत फाईल उशाला आणि बाटली पायाशी, कारण रेडिएशननंतर लाळ आटलेली, घोट घोट पाणी लागतंच. मग रांग, नंबर, आणि तो बाक.

आत काय होतं, ते नव्यानं येणाऱ्यांसाठी लिहितो, म्हणजे धास्ती कमी होईल. तोंड उघडायला सांगतात. कपाळावर दिवा लावलेला डॉक्टर गाल, जिभेखाली, टाळू, मागचा कोपरा बघतो. मग हातमोजा घातलेलं बोट आत जातं आणि शिवलेल्या जागेवरून दाबत दाबत फिरतं. नंतर मागे उभं राहून दोन्ही हातांनी मान चाचपतात, जबड्याखालपासून गळ्याखालच्या आडव्या हाडापर्यंत. गरज वाटली तर नाकातून बारीक दुर्बीण. आपली तपासणी मुख्यतः एवढीच असते, बोट आणि नजर. स्कॅन दर वेळी लागतोच असं नाही, आणि डॉक्टरांनी स्कॅन लिहिला नाही म्हणजे हलगर्जीपणा केला असंही नाही. कित्येक जण हट्टानं बाहेरून पेट स्कॅन करून आणतात, कर्ज काढून. मला ते पटत नाही.

स्कॅनचं निघालंच आहे तर रिपोर्टविषयी कडक शब्दांत सांगतो. एकमेकांचे रिपोर्ट वाचू नका. बाकावर हा उद्योग फार चालतो. कुणी पाकीट उघडतो, शेजारचा ‘बघू’ म्हणतो, तिसरा आकड्यांवर बोट ठेवून ‘माझ्या मेव्हण्याचा एवढाच होता’ म्हणतो, आणि तो मेव्हणा पुढे वारलेला असतो. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात. ज्या पेशी साखर जास्त खातात त्या पडद्यावर चमकतात. कॅन्सर चमकतो, तशी सूजही चमकते, किडलेल्या दाताखालचा पूही चमकतो. रेडिएशन संपल्यावर स्कॅनला साधारण तीन महिने थांबवतात ते याचसाठी. आधी केला तर पोळलेलं मांस आणि आजार यांत फरक करणं कठीण जातं. इतकी गुंतागुंत वाचायला डॉक्टरांना जुने फोटो शेजारी ठेवावे लागतात. आपण बाकावर बसून ती वाचायला जाऊ नये. हल्ली रिपोर्ट मोबाईलवर आधी येतो आणि डॉक्टरांची भेट दोन-तीन दिवसांनी असते. मधल्या रात्री फार वाईट जातात. तेव्हा सोबत्यानं फोनवर रिपोर्टचा अर्थ सांगू नये, फोन मात्र ठेवू नये.

(स्कॅनहून आल्यावर नातवाला लगेच मांडीवर घेऊ नका. किती तास लांब राहायचं ते तिथली माणसं सांगतात, तेवढं पाळा. आजोबा कुठे गेले म्हणून ते पोर रडलं तर रडू द्या.)

बहुतेकांना आतून ‘ठीक आहे, तीन महिन्यांनी या’ ऐकायला मिळतं. बाहेर येणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं. पण त्याच दिवशी, त्याच बाकावरच्या कुणाला तरी ‘इथला तुकडा काढून तपासायला पाठवू’ असं सांगितलेलं असतं. तेव्हा आपण कसे वागतो, ते मी बऱ्याचदा पाहिलं आहे. ज्यांना ‘ठीक’ मिळालंय ते घाईघाईनं फाईल पिशवीत घालतात, गाडीची वेळ काढतात, नजर चुकवतात. ते दुष्ट नसतात. आपला आनंद त्याच्यासमोर दिसू नये म्हणून लाजतात, आणि त्याची बातमी आपल्याला चिकटेल असंही कुठेतरी वाटत असतं. मागे आमच्यातल्या एकाला तसं सांगितलं. सोलापूरकडचे एक निवृत्त शिक्षक, ज्यांना नुकतंच ‘सहा महिन्यांनी या’ मिळालं होतं, ते गाडी सोडून त्याच्याशेजारी बसून राहिले. धीर देणारं एक वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. त्याचा मुलगा कागद घेऊन धावपळ करत होता, तोवर मास्तरांनी त्याची चप्पल बाकाखालून ओढून नीट लावली, दूध आणून दिलं, आणि मोबाईलवर मालट्रकच्या भाड्यावरून कुणाशी तरी भांडत बसले. त्या माणसानं मला नंतर सांगितलं, की त्या तासात जग चालू आहे असं मास्तरांच्या भांडणामुळेच वाटलं. तुकड्याचा निकाल काय आला ते इथे लिहीत नाही, कारण त्यावरून मास्तरांच्या बसण्याचं मोल ठरवायचं नाही.

बायकांविषयी स्वतंत्र लिहिलं पाहिजे. मिश्री लावून लावून आजार झालेल्या आया-बहिणी आपल्यात आहेत. उपचाराच्या वेळी सगळं घर धावतं. तपासणीच्या वेळी ‘आता तर बरी आहेस’ होतं. मुलाला रजा मिळत नाही, सुनेला शाळेतलं पोर टाकून येता येत नाही, एकटीला मुंबईला पाठवायचं नाही, मग तारीख जाते. तिचं स्वतःचंही म्हणणं असतं, ‘माझ्यावर किती खर्च झाला, अजून कशाला?’ तुमच्या गावात, शेजारच्या गावात अशी कुणी असेल तर तुमच्या घरातल्या बाईला तिच्याकडे पाठवा. तारीख जुळवा आणि तिला तुमच्या कुटुंबासोबत घेऊन या. आमच्या गाडीत आता अशा एक मावशी असतात. त्यांच्या मुलानं पहिल्यांदा जरा संशयानंच पाठवलं होतं. आता तोच फोन करून विचारतो, ‘काका, यंदा कधी निघताय?’

प्रवासाचं म्हणाल तर रेल्वेची सवलत फक्त उपचारांपुरती आहे असा अनेकांचा समज आहे. ती ठरावीक काळानं होणाऱ्या तपासणीलाही लागू आहे. स्लीपर आणि थ्री-टायर एसीत रुग्णाला पूर्ण भाडं माफ, सोबत्याला 75 टक्के सूट. रुग्णालयातून फॉर्मवर सही-शिक्का घ्यायचा आणि आरक्षणाच्या खिडकीवर द्यायचा. तपासणी झाल्यावर पुढच्या वेळचा फॉर्म त्याच दिवशी मागून ठेवा. मुंबईत राहायची वेळ आली तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही नावं जुन्या माणसांना पाठ आहेत, नव्यांना सांगत चला. जागा मिळेलच असं नसतं, आधी चौकशी करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काही आजारांसाठी फॉलोअपची वेगळी पॅकेजेस आहेत. आपल्याला त्यातलं काय बसतं ते योजनेच्या टेबलावरच्या आरोग्यमित्राला विचारा, स्वतःहून कुणी सांगणार नाही. आणि हेही विचारा, की प्रत्येक तारीख मुंबईचीच हवी का? बार्शीला, नागपूरला, संभाजीनगरला कॅन्सरची रुग्णालयं आहेत. एक तारीख जवळ आणि एक लांब असं जमत असेल तर डॉक्टर स्वतःच लिहून देतात. परस्पर मात्र बदल करू नका.

तारखांच्या मधल्या काळातही एकमेकांवर लक्ष असू द्या. तोंडातला छाला दोन आठवड्यांत भरला नाही, किंवा मानेत गाठ लागली, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, लगेच निघायचं. रेडिएशन बसलेल्या जबड्यातला दात तालुक्याच्या डेंटिस्टकडून परस्पर काढून घ्यायचा नाही. तिथलं हाड जखम भरून काढायला कमी पडतं आणि सडू शकतं, म्हणून आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं. मानेवर रेडिएशन झालं असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी दर 6 ते 12 महिन्यांनी होतेय का, ते बघायचं. सारखा थकवा येतो, थंडी वाजते, अंग जड वाटतं, ते वयामुळे असेल असं घरचे म्हणतात आणि कधीकधी ते थायरॉइडमुळे असतं. आखडलेलं तोंड उघडायचा व्यायाम तर सोबतीशिवाय होतच नाही. आईस्क्रीमच्या चपट्या काड्या दातांत धरायच्या, रोज जमेल तशी एखादी वाढवायची. एकट्यानं केलं की कंटाळा येतो. आमच्याकडे संध्याकाळी फोटो पाठवतात, काड्या मोजून. कालपेक्षा एक जरी कमी झाली तरी बाकीचे सोडत नाहीत.

सोबत येणाऱ्या घरच्यांना एक विनंती. तपासणीच्या खोलीत आत जा. आमचं बोलणं डॉक्टरांना कळत नाही आणि डॉक्टरांचं आम्हाला भीतीपोटी ऐकू येत नाही. विचारायचे प्रश्न आदल्या रात्री कागदावर लिहा. गाडीत चिवड्याची पुडी उघडणार असाल तर आमच्यासाठी दही-भात वेगळा घ्या. तिखटाचा कण जिभेवर पडला तरी डोळ्यांतून पाणी येतं, आणि ते पाणी पाहून तुम्ही उगाच घाबरता. आणि येताना-जाताना तुम्हीही एकमेकांशी बोला. आमच्या पत्नींनी बाकावर बसून एकमेकींना जे सांगितलं त्यातलं निम्मं आम्हाला अजून माहीत नाही. ते तसंच राहू द्यावं असं माझं मत झालं आहे.

शेवटी, ज्यांनी तारखा चुकवल्या आहेत, काहींनी दोन-तीन वर्षं, त्यांच्यासाठी. आता कुठल्या तोंडानं जायचं, असं तुम्ही म्हणता. फाईल हरवली असेल तरी बहुतेक मोठ्या रुग्णालयांत तुमचा केस नंबर तोच राहतो. जुन्या औषधाच्या चिठ्ठीवर, बिलावर, कुठेतरी तो सापडेल. नाहीच सापडला तर नाव, गाव आणि साधारण साल सांगून खिडकीवर शोधायला लावा. ओपीडीचे वार विचारून घ्या आणि आधार कार्ड जवळ ठेवा. आम्ही पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात निघतोय, कुर्डुवाडीहून. मागच्या बाजूच्या स्लीपरच्या डब्यात मानेवर टाक्यांच्या खुणा असलेली चार-पाच माणसं दिसली तर ते आम्हीच. जागा करून देऊ.

आपला,
फॉलोअपचा एक सोबती
ता. माढा, जि. सोलापूर